आधी भक्ष्य शोधा, मग पक्षी: माळरानावरच्या शिकारी पक्ष्यांचं निरीक्षण आणि छायाचित्रण

शिकारी पक्ष्यांचे फोटो काढायला निघालेला नवखा माणूस आकाशाकडे बघत फिरतो. दिवसभरात त्याला चार घारी आणि उंचावर एखादा ठिपका दिसतो, आणि मग लेन्स लहान पडते अशी त्याची समजूत होते. खरं तर त्यानं जमिनीकडे बघायला हवं होतं. उंदीर कुठे आहेत, नाकतोडे कुठल्या गवतात आहेत, सरडे कुठल्या दगडांवर ऊन खातात, हे कळलं की पक्षी आपोआप सापडतो. शिकारी पक्षी उगाच उडत नाही. उडायला ताकद लागते आणि ती भक्ष्यातूनच परत मिळवायची असते. म्हणून या लेखात प्रत्येक गोष्ट ‘तो खातो काय’ या प्रश्नापासून सुरू होते: कुठे उभं राहायचं, किती वाजता जायचं, शटर कधी दाबायचं, सगळंच.

उदाहरणं मुख्यतः पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या माळरानांची आहेत. सासवड-जेजुरीचे माळ, सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी, सोलापूरजवळचं नान्नज, आणि पाण्याच्या पक्ष्यांसाठी भिगवण. शिकायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. झाडी विरळ, नजर लांब जाते, आणि शिकार सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांसमोर होते. घनदाट जंगलात ती फक्त आवाजावरून कळते.

महिना बघून पक्षी ठरवा

पावसाच्या पहिल्या सरींनंतर वाळवीचे पंखवाले किडे जमिनीतून बाहेर पडतात. त्या संध्याकाळी घारी त्यांना हवेतल्या हवेत पंजानं पकडतात आणि उडता उडताच चोचीत टाकतात. गावाबाहेरच्या साध्या घारीचा असा फोटो मला गरुडाच्या बसक्या फोटोपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

पाऊस ओसरला की गवत उंच आणि नाकतोडे पुष्कळ. नवरात्राच्या आगेमागे मध्य आशियाकडून भोवत्या (हॅरिअर) येऊ लागतात. माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या हे माळावर, दलदली भोवत्या पाणथळीवर. मार्चअखेरीपर्यंत ते बहुतेक निघून जातात. नोव्हेंबरात आफ्रिकेच्या वाटेवरचा अमूर ससाणा पश्चिम महाराष्ट्रावरून जाताना दिसू शकतो. तो चतुर आणि वाळवीवर गुजराण करतो, त्यामुळे चतुरांचे थवे उडत असतील तिथे वर नजर ठेवावी.

हिवाळ्यात ज्वारी-हरभऱ्याच्या शेतात उंदीर वाढतात आणि कापशी घार तिथे ठाण मांडते. ऊसतोडीच्या किंवा नांगरणीच्या शेतावर तर ट्रॅक्टरमागे बगळे, साळुंक्या आणि घारी यांची रांगच लागते. मार्चपासून सरडे-सापांची हालचाल वाढते आणि सापमार गरुड माळावर एका जागी पंख मारत तरंगताना दिसतो. उन्हाळा घरट्यांचाही काळ आहे, त्याबद्दल पुढे बोलू.

जागा हेरायची कशी

पहिली फेरी कॅमेऱ्याशिवाय करा. खरंच. हातात फक्त ८×४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी) दुर्बीण आणि वही. कॅमेरा असला की माणूस पहिल्या पक्ष्याजवळ अडकतो आणि जागा बघायची राहून जाते.

बघायचं ते हे: विजेचे खांब, सुकलेल्या बाभळीची टोकं, बांधावरचे दगड, कुंपणाचे खांब. ज्या खांबाच्या खाली पांढऱ्या शिटेचे ओघळ आणि जमिनीवर पक्ष्यानं तोंडावाटे टाकलेल्या केसांच्या गोळ्या दिसतील, तो खांब रोजच्या वापरातला. हरभऱ्याच्या शेतात घाटे अळीसाठी शेतकरी पक्षिथांबे रोवतात. त्यावर कोतवाल बसतोच, पण कापशी आणि तिसा हा छोटा शिकारी पक्षीही बसतात, आणि ते थांबे बहुधा नजरेच्या उंचीला असल्यानं फोटोसाठी उत्तम. शेतकऱ्याला विचारूनच बांधावर जा. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, उलट ‘पांढरी घार सकाळी त्या बाभळीवर असते’ असं नेमकं सांगतात. त्यांच्याइतकी त्या शेताची माहिती कुठल्याही ॲपमध्ये मिळत नाही.

दुसरी खूण आवाजाची. खार एकाच जागी बसून सारखी ‘चिक् चिक्’ करत राहिली, बुलबुल झुडपात शिरून ओरडू लागले, टिटवी उठून घिरट्या घालू लागली, की जवळपास कोणीतरी आहे. कावळे आणि कोतवाल एखाद्या झाडाभोवती झेपा घेत असतील तर त्या झाडात शिक्रा (छोटा बाज) किंवा गरुड बसलेला असण्याची शक्यता मोठी. एक सावधगिरी: कोतवाल शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. नुसत्या आवाजावर वहीत ‘शिक्रा’ लिहू नका.

कडबनवाडी आणि बारामतीजवळच्या शिर्सुफळ इथे वनविभागाची गवताळ सफारी आहे. आगाऊ नोंदणी करून, स्थानिक वाटाड्या घेऊन ठरलेल्या वाटेनंच जावं लागतं. ही अट मला योग्य वाटते. माळरान ओसाड दिसतं म्हणून लोक गाडी कुठेही घालतात, आणि जमिनीवर घरटं करणाऱ्या चंडोल-टिटव्यांची अंडी चाकाखाली जातात.

सामान, थोडक्यात

१००-४०० किंवा १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स पुरते. सलग फोकस धरणारा आणि सेकंदाला ८-१० फ्रेम काढणारा कॅमेरा हवा, पक्ष्याचा डोळा ओळखणारा असला तर सोनं. तिपाई गाडीत निरुपयोगी, त्यापेक्षा जाड कापडाची पिशवी शिवून त्यात ज्वारी किंवा मूग भरा आणि खिडकीच्या काचेवर ठेवा. मातकट रंगाचे कपडे, पाणी, टोपी. यावर यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

ऊन, वारा आणि गाडी

फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा चुकीच्या बाजूला उभं राहिल्यानं. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतो, तरंगतो आणि उतरतो. म्हणजे वारा तुमच्या पाठीवर असेल तर पक्ष्याचं तोंड तुमच्याकडे. ऊनही पाठीवर हवं. दख्खनच्या पठारावर हिवाळ्यात बरेचदा पूर्वेकडून मंद वारा असतो, त्यामुळे सकाळी जागेच्या पूर्वेला थांबलात तर सूर्य आणि वारा दोन्ही पाठीशी येतात. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. तेव्हा हाच हिशेब संध्याकाळी जुळतो. निघण्यापूर्वी नकाशा उघडून रस्ता शेताच्या कुठल्या बाजूनं जातो एवढं बघितलं तरी अर्धं काम झालं.

गाडी हा सगळ्यात सोपा आडोसा. गाडीला पक्षी सरावलेले असतात, दार उघडून उतरलेल्या माणसाला नाही. पक्ष्याच्या रोखानं सरळ जाऊ नका, त्याच्या बाजूनं निघून जातोय असं वाटेल अशी तिरकी गाडी न्या. थोडं पुढे, थांबा, पाचेक मिनिटं काहीच करू नका, मग पुन्हा थोडं पुढे. थांबल्यावर इंजिन बंद करा. त्याची थरथर लेन्सपर्यंत येते.

वेळेचंही गणित आहे. कापशी, भोवत्या आणि शिक्रा सकाळी लवकर आणि दुपारनंतर शिकार करतात. गरुड आणि गिधाडं मात्र जमीन तापून हवेचे गरम झोत वर चढू लागल्यावरच उठतात, म्हणजे साधारण नऊ-साडेनऊनंतर. नेमकं तेव्हाच माळावर गरम हवेची लहर दिसू लागते आणि लांबचा प्रत्येक फोटो पाण्याखालून काढल्यासारखा येतो. ती कुठल्याही महागड्या लेन्सनं जात नाही. त्या वेळेला लांबच्या पक्ष्याचा नाद सोडा आणि दुर्बिणीनं नुसतं बघा.

कापशी घार: पहिला धडा

सुरुवात कापशीपासूनच करावी असं माझं ठाम मत आहे. ती वर्षभर असते, उघड्यावर बसते, एकाच शेतात पुन्हा पुन्हा येते, आणि तिची शिकार टप्प्याटप्प्यानं होत असल्यानं फोटो काढणाऱ्याला हात सावरायला वेळ मिळतो. पांढरट राखाडी अंग, खांद्यावर काळा डाग, लाल डोळा. तारेवर बसून शेपटी वर-खाली हलवत असेल तर ती कापशीच.

बसलेली असताना तिचं डोकं वाचा. इकडेतिकडे फिरणारं डोकं म्हणजे नुसती टेहळणी. डोकं एका जागी खिळलं, मान वर-खाली झाली, अंग पुढे झुकलं, की ती निघणार. निघण्याआधी बरेचदा शीट टाकते. हे दिसलं की बोट शटरवर.

मग ती शेतावर जाऊन एका जागी पंख फडफडवत थांबते. यासाठी शटरचा वेग १/१६०० सेकंद पुरतो, पण पुढची झेप लगेच येणार असल्यानं मी १/२५०० वरच ठेवतो. ॲपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) ६.३ च्या आसपास, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) स्वयंचलित, कमाल ३२०० किंवा ६४००. पांढरा पक्षी उन्हात असेल तर एक्स्पोजर पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) कमी करा, नाहीतर छातीवरची पिसं जळून सपाट पांढरी होतात. याच्या उलट, काळपट घार फिक्या आभाळासमोर असेल तर एक स्टॉप वाढवा.

आता ती खाली येते, पण एकदम नाही. थोडी उतरते, पुन्हा थांबते, पुन्हा उतरते. शेवटच्या टप्प्यात पंख इंग्रजी व्ही सारखे वर जातात आणि पाय खाली लोंबतात. पाय खाली आले की बर्स्ट (सलग फ्रेम काढणं) सुरू करा, त्याआधी नको. तरंगत असतानाच शंभर फ्रेम काढून बसलात तर कॅमेऱ्याची तात्पुरती जागा भरते आणि नेमक्या झडपेला तो अडतो. चौकटीत पक्ष्याच्या खाली मोकळी जागा ठेवा. गवतापाशी आल्यावर फोकस गवतावर उडी मारतो. त्यासाठी फोकसचा एकच बिंदू किंवा लहान पट्टा वापरा, आणि लेन्सला अंतर मर्यादित करणारी कळ असेल तर जवळचं अंतर बंद करून ठेवा.

बऱ्याच झेपा फुकट जातात. ती रिकाम्या पायानं उठली तर लगेच पुन्हा तरंगते, म्हणून कॅमेरा खाली घेऊ नका. उंदीर मिळाला तर ती बहुधा ओळखीच्या खांबावरच परत जाते. पहिल्या फेरीत हेरलेला खांब आता कामाला येतो. एका पायानं उंदीर दाबून ती चोचीनं फाडत खाते. विणीच्या काळात मात्र नर उंदीर स्वतः न खाता मादीकडे नेतो, कधी हवेतच तो तिच्या पंजात देतो. असं दिसलं तर घरटं जवळ आहे हे ओळखा आणि तिथून मागे फिरा.

बाकीचे, ज्याच्या त्याच्या जेवणाप्रमाणे

भोवत्या गवतावरून कमरेइतक्या उंचीवर, पंख किंचित वर धरून, आखल्यासारख्या फेऱ्या मारतो. घुबडासारखी त्याच्या चेहऱ्याभोवती पिसांची तबकडी असते आणि डोळ्यांसोबत तो कानांनीही शोधतो. त्याच्यामागे गाडी पळवणं व्यर्थ. त्याची फेरी बांध, ओढा, पायवाट अशा कडांच्या अनुषंगानं जाते आणि बरेचदा त्याच मार्गानं परत येते. कडेला थांबून राहा. तो अचानक हवेतच वळून गवतात पडतो तो क्षण दहातून एकदा हाती लागेल. संध्याकाळी भोवत्या गवतात जमिनीवर एकत्र रात्र काढतात. गुजरातेतलं वेळावदर त्यासाठी प्रसिद्ध आहे, आपल्याकडे असे लहान थवे असतात. तिथे अंधार पडताना पायी जाऊ नका. एकदा उठवले की रात्री त्यांना दुसरी सुरक्षित जागा शोधणं कठीण जातं.

तिसा हा आळशी फोटोग्राफरचा मित्र. बुटक्या खांबावर बसून राहतो आणि नाकतोडा, सरडा, उंदीर दिसला की टुपकन खाली उतरतो. पांढरा डोळा आणि गळ्यावरची काळी मधली रेघ बघा.

सापमार गरुडाच्या बाबतीत चोच बघा. साप गिळताना शेपटीचा तुकडा चोचीबाहेर लोंबत राहतो आणि घरट्यावर पिल्लू तीच शेपूट धरून साप बाहेर ओढतं. त्याच्या पायांवर जाड खवले असतात, तेही फोटोत दिसतील असं बघा, कारण ते त्याच्या अन्नाशीच जोडलेले आहेत.

शिक्रा शहरातही भेटतो. सोसायटीच्या आवारातल्या खारी, सरडे आणि लहान पक्षी हे त्याचं खाणं. तो पंजाच्या पकडीनं मारतो. ससाण्याची रीत वेगळी, त्याच्या वरच्या चोचीला दातासारखी खाच असते आणि तिनं तो मानेचा मणका तोडतो. शिक्र्यासाठी सावलीत १/१००० सेकंद ठेवूनही आयएसओ चढतो. चढू द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही.

भिगवणला कैकर म्हणजे ऑस्प्रे हिवाळ्यात असतो. मासा पकडल्यावर तो त्याचं तोंड पुढच्या दिशेला करून नेतो, वाऱ्याचा अडथळा कमी होतो म्हणून. तळपायावर काटेरी खवले आणि मागे वळवता येणारं बाहेरचं बोट, यामुळे बुळबुळीत मासा निसटत नाही. कुंभारगावच्या नावाड्यांना त्याचे ठरलेले खुंट माहीत असतात. त्यांना एवढंच सांगा की नाव लांबच थांबवा, आणि उडत्या फोटोसाठी पक्ष्यांच्या थव्यात घालू नका. सगळी बदकं एकदम उठली तर आधी वर बघा. दलदली भोवत्या किंवा बहिरी ससाणा आलेला असू शकतो.

मधुबाजाबद्दल एक इशारा. तो मधमाश्यांच्या अळ्या खातो, आणि आग्यामोहोळावर त्याचा हल्ला म्हणजे जबरदस्त दृश्य. पण चिडलेल्या माश्या जवळच्या कुठल्याही प्राण्यावर तुटून पडतात. पोळ्याखाली उभं राहून फोटो काढण्याचं धाडस जिवावर बेतू शकतं. लांबूनच, आणि गाडीच्या काचा वर करून.

काय खाल्लं ते वाचायचं कसं

शिकारी पक्षी केस, पिसं, किड्यांची कवचं पचवू शकत नाही. त्यांची गोळी करून तोंडावाटे टाकतो. टाकण्यापूर्वी मान ताणतो, जबडा पुन्हा पुन्हा उघडतो. हे दिसलं तर कॅमेरा तयार ठेवा, फार कमी लोकांकडे हा फोटो असतो. पक्षी उडून गेल्यावर खांबाखाली गोळी शोधा. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून फोटो काढा, काडीनं हळूच उकला. राखाडी केस आणि केशरी दात म्हणजे उंदीर, चकचकीत तुकडे आणि काटेरी पाय म्हणजे नाकतोडे. घुबडाच्या गोळीत अख्खी कवटी सापडते, कारण ते सबंध गिळतं. कापशीसारखे पक्षी फाडून खातात आणि त्यांच्या पोटातलं आम्ल जास्त तीव्र, म्हणून हाडं कमीच मिळतात. गोळीला उघड्या हातानं शिवू नका आणि घरी आणू नका. पिसंसुद्धा जिथे पडली तिथेच.

फोटोतूनही वाचता येतं. घरी आल्यावर पंजाचा भाग मोठा करून बघा: शेपूट केसाळ की खवल्यांची, पायाला बोटं की काटे. जेवलेल्या पक्ष्याच्या गळ्याखाली अन्नाच्या थैलीचा फुगवटा दिसतो. असा पक्षी तासभर तरी पुन्हा शिकार करत नाही, त्याच्यासाठी थांबण्यात अर्थ नाही.

जे करायचं नाही

पंख पसरून भक्ष्य झाकणं, खाणं थांबवून तुमच्याकडे टक लावणं, अंग आखडून ताठ होणं: तीनांपैकी एक दिसलं तरी तुम्ही फार जवळ आहात. भक्ष्य टाकून पक्षी उडाला तर ते कावळ्यांचं झालं.

आमिष नको. मांसाचे तुकडे टाकून, उंदीर किंवा कोंबडीचं पिल्लू बांधून काढलेले गरुडाचे फोटो बरेच फिरतात, आणि जाणकाराला ते लगेच ओळखू येतात. दर वेळी तीच जागा, तोच कोन, आणि भक्ष्य त्या प्रदेशातलं नसलेलं. अशा फोटोतून खाण्याच्या सवयीबद्दल काहीच कळत नाही, कारण जेवण तुम्ही वाढलेलं. सासवड भागात पोल्ट्रीचा कचरा पडतो तिथे गरुड, घारी आणि पांढरी गिधाडं जमतात, त्याचं निरीक्षण जरूर करा. तो त्यांच्या आजच्या आहाराचा खरा भाग आहे. फक्त फोटोखाली ‘कचराडेपोवर’ असं लिहा.

घरट्याचे फोटो मी काढत नाही आणि कोणाला सुचवतही नाही. एप्रिल-मेच्या उन्हात मादी पंख पसरून पिल्लांवर सावली धरते. ती तुमच्यामुळे उठली तर पिल्लं भाजून निघतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अंड्यांना वा घरट्याला उपद्रव देणं हीसुद्धा शिकारच मानली जाते. ड्रोन आणि आवाजाची ध्वनिफीत, दोन्ही घरी ठेवा.

पतंगाच्या मांज्यात अडकलेला किंवा विषारी उंदीर खाऊन सुस्तावलेला पक्षी सापडला तर त्याच्यावर जाड कापड टाका, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा, खाणं-पाणी तोंडात घालू नका आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. नख्यांपासून जपा, चोचीपेक्षा त्याच जास्त इजा करतात.

नोंद

त्याच दिवशी, झोपण्याआधी वहीत लिहा: तारीख, वेळ, ठिकाण, वारा, पक्षी, नर-मादी कळली तर ती, भक्ष्य काय, कुठून पकडलं, आधी कुठला भाग खाल्ला, किती वेळ लागला, फसलेल्या झेपा किती. फसलेल्या झेपा कोणी लिहीत नाही आणि म्हणून त्या लिहायच्या. मग यादी ईबर्डवर (पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर) चढवा, भक्ष्य दिसणारा फोटो धूसर असला तरी जोडा आणि टिपणाच्या चौकटीत भक्ष्याचं नाव घाला. भक्ष्याची जात सांगता येत नसेल तर आयनॅचरलिस्टवर (सर्व जीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर) त्या सरड्याची किंवा नाकतोड्याची स्वतंत्र नोंद टाका, सरीसृपवाले आणि कीटकवाले ओळख पटवून देतात. घरट्याच्या किंवा रात्रीच्या मुक्कामाच्या जागेचा नेमका नकाशाबिंदू मात्र कुठेच देऊ नका, तालुक्याचं नाव पुरे.